राळे मोजणारी हडळ

आई जाऊन सव्वा महिना झाला. भेटायला येणारी माणसं आता कमी झाली आहेत. जी आली त्यांनी तिच्या करारीपणाबद्दल सांगितलं, तिच्या हातच्या पिठल्याबद्दल सांगितलं. तिच्या हसण्याचा विषय मात्र कुणी काढला नाही. त्यात त्यांची काही चूक नाही. मी तिचा मुलगा, पण मलाही ती मोठ्याने हसलेली एकदाच आठवते. तेव्हाही मी तिला पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं, कारण आम्हा दोघांच्या मध्ये कापडाचा पडदा होता.

तेवढं लिहून ठेवावं असं मनात आहे. रोज थोडं लिहितो, आणि कधी कधी आदल्या दिवशीचं खोडून पुन्हा लिहितो.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. कासारवाडीला स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर आमचं दोन खणांचं घर होतं. वडील मी शाळेत असतानाच गेले. आई होती तेवढी जमीन कसायची आणि मी सकाळच्या पॅसेंजरने पुण्याला कॉलेजात जायचो. माझी थोरली बहीण अक्का ताथवड्याला दिलेली. पहिल्या बाळंतपणासाठी ती आमच्याकडे आली, मुलगी झाली, आणि सातव्या दिवशी अक्का तापाने गेली.

बाळंतीण दहा दिवसांच्या आत गेली की ती हडळ होते आणि लेकराच्या ओढीने माघारी येते, असं आमच्याकडे मानत. तिला अडवायचे उपायही ठरलेले होते. भावकीतल्या एका म्हाताऱ्या चुलतीने आमच्या उंबऱ्यात चार खिळे ठोकून घेतले. मग राळ्यांची टोपली भरायला आईलाच सांगितलं. राळे म्हणजे मोहरीपेक्षा थोडं मोठं, पिवळं बारीक धान्य. तिरडीच्या मागे चुलते ते ओढ्यापर्यंत टाकत गेले. परत येणाऱ्या बाईला वाटेवरचा दाणा न् दाणा मोजल्याशिवाय पुढे येता येत नाही. मोजून व्हायच्या आत उजाडतं, आणि दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकत होतो. तरी त्या दिवशी मी काही बोललो नाही. ते आजही मला लागून राहिलं आहे.

बारशाच्या आधीच पोरीला ताथवड्याला नेलं. अक्काच्या जावेला अंगावर पिणारं मूल होतं, तिने हिलाही पाजलं. ते ठीकच झालं. पण पोर चार महिन्यांची झाली, आठ महिन्यांची झाली, तरी आई तिला बघायला गेली नाही. ताथवडं काही लांब नव्हतं. पवना ओलांडून गाडीरस्त्याने दोन-अडीच तास. मी दोनदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मी गेले तर ती माझ्यामागनं येईल रे. मी का तिला वाट दाखवू?"

नात डोळ्यांनी बघावी एवढीच तिची इच्छा होती, आणि आपल्या मेलेल्या मुलीच्या भीतीने ती घरात बसून होती.

माघात, रब्बीची काढणी चालू असताना, स्टेशनापलीकडच्या मोकळ्या रानात सिनेमाचा तंबू पडला. बैलगाडीत भोंगा घेऊन बसलेला माणूस गावातून ओरडत फिरला, "हडळीचा खेळ! कच्च्या काळजाच्यांनी येऊ नये! गरोदर बायांनी येऊ नये! आलात तर जबाबदारी आमची नाही!" सिनेमा मराठी होता. नाव आता आठवत नाही.

शेजारच्या काकू ओसरीवर येऊन आईला म्हणाल्या, "आपण काय जायला नको, बाई. तुमच्या जिवाला उगी घोर."

आई धान्य पाखडत होती. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "मी जाणार हाय."

"अवो, हडळीचा हाय तो!"

"म्हणूनच. मला बघायचंय ती दिसती कशी."

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी पुस्तकात डोकं घातलं. शेवटी काकूही सोबत आल्या.

पहिला खेळ दिवेलागणीचा होता. तंबूत उजवीकडे बाप्ये, डावीकडे बायका आणि मधे दोरीवर सोडलेला मांजरपाटाचा पडदा. मशीन एकच, त्यामुळे एक रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत दिवा लागायचा आणि लोक बोलायला मोकळे व्हायचे. माझ्या पुढे पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागलेली चार-पाच पोरं बसली होती. शेजारी रेल्वेतले एक कोकणातले गृहस्थ होते. ते आधीच म्हणाले, "आमच्याकडे अशी एक-एक भुतं आहेत, की हे सिनेमावाले बघतील तर मशीन टाकून पळतील."

पहिलं रीळ सगळ्यांच्या अपेक्षेप्रमाणे गेलं. वारा सुटला, कंदील विझला, कुत्रं रडलं, पैंजण वाजले. बायकांच्या बाजूने एक बारीक किंकाळी आली आणि कारखान्याची पोरं खूश झाली. मग ती दिसली. पांढरं लुगडं, मोकळे केस. ती अंगणाच्या कडेला आली, खाली बघितलं, आणि कपाळावर हात मारून मटकन बसली.

अंगणभर राळे पसरले होते.

"अगं बाई," ती म्हणाली, "एवढाले! कुणा मेल्याला धान्य जास्त झालंय?" आणि एकेक दाणा उचलून मोजायला लागली.

हडळीने असं बोलायचं नसतं. तिने दात दाखवायचे, चुना मागायचा, वाटसराच्या मानेवर बसायचं. ही तर ओचा सावरून, जीभ दातांत धरून मोजत होती. सत्तेचाळीसवर तिला शिंक आली. तिने हातातल्या दाण्यांकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं, आणि सगळे दाणे खाली टाकून पुन्हा "एक" म्हणाली.

बाप्यांच्या बाजूला हशा फुटला. मी हसलो नाही. पडद्यापलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. तिथल्या निम्म्या बायका अक्का गेली त्या दिवशी आमच्या दारात उभ्या होत्या. टोपली कुणी भरली ते त्यांना माहीत होतं. उठावं, पलीकडे जावं आणि आईला बाहेर न्यावं असं मनात आलं. पण बायकांच्या बाजूला कसा जाणार?

हडळ पुन्हा मोजत होती. आता घरातला एक म्हातारा बाहेर आला. त्याला धड दिसत नव्हतं. "काय हरवलं गं पोरी?" असं विचारून तोही तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि मोजायला लागला. त्याचे आकडे तिच्या आकड्यांत मिसळले. ती चिडली, "आजोबा, तुम्ही मनात मोजा हो!" आणि पुन्हा चुकली. आता ती रडकुंडीला आली.

तेवढ्यात पडद्यापलीकडून आवाज आला, "अगं, विसाविसाचं ढीग कर! असं एकेक मोजून कवा व्हायचं?"

तो आवाज आईचा होता.

आमच्याकडे अडाणी माणूस विसातच मोजतो. कांदे, गोवऱ्या, आंबे, सगळं एक वीस, दोन विसा, तीन विसा. वीस झाले की ढीग बाजूला सारायचा. मग कोणी हाक मारली, शिंक आली, तरी मागचं मोडत नाही. त्या बिचारीला हे कोणी शिकवलंच नव्हतं.

मग काकूंचा आवाज आला, "व्हय की! ढीग कर!" आणि मग सगळी डावी बाजूच सुटली. "त्या म्हाताऱ्याला आदी उठव!" "पदर लागतोय, पदर आवर!" "झालं वीस, सार बाजूला!" कोणी दात-ओठ खात, कोणी हसत. पडद्यावरची बाई अर्थातच ऐकत नव्हती. ती पुन्हा चुकली, तेव्हा बायका एका सुरात हळहळल्या. त्या गदारोळात मी ते हसणं ऐकलं. आधी ओळखलंच नाही. खोकल्यासारखं सुरू होऊन मग न थांबणारं. माझ्या आईला हसताना धाप लागते हे मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी कळलं.

रीळ संपलं, दिवा लागला आणि भांडण सुरू झालं. कारखान्याच्या पोरांपैकी एक उठून मशीनवाल्यावर ओरडला, "ओ भाऊ, फसवलं की राव! भ्याचं हाय का न्हाई हितं?"

"पुढच्या रिळात हाय!" मशीनवाला म्हणाला.

"पुढच्यात काय, ती दळायला बसणार व्हय?"

मागून एक म्हातारा तावातावाने बोलला, "असल्याची चेष्टा करू नये. हसताय आज, घरी जाताना कळंल." कोकणातले गृहस्थही नाराज होते. "हिचे पायसुद्धा सरळ आहेत," ते मला म्हणाले, "हडळीचे पाय उलटे नकोत?" बायकांच्या बाजूने कोणीतरी उत्तर दिलं, "उलट्या पायांनी उकिडवं बसून दाखवा तुमी!" त्यावर तो म्हातारासुद्धा हसला, पण तोंड फिरवून.

पुढच्या रिळात ती खरंच दळायला बसली. तिची सासू केरसुणी घेऊन बाहेर आली, तिला बघितलं आणि किंचाळण्याऐवजी म्हणाली, "आलीस? एवढा वेळ कुठं होतीस?" आणि सगळे राळे झाडून, सुपात भरून तिच्यापुढे जात्यापाशी ठेवले. कारखान्याच्या पोरांतले दोघे उठून गेले. बाकीचे बसले आणि पुढच्या दोन खेळांनाही आले, हे मला नंतर कळलं. शेवटी हडळ पाळण्यापाशी जाते. सगळा तंबू श्वास धरून बसला, कारण इथे तरी ती लेकराला उचलणार, असं ज्याला त्याला वाटलं. ती वाकून बघते, पोर झोपेत खुदकन हसतं, आणि हडळच दचकून दोन पावलं मागे सरते. मग ती पाळण्याला एक झोका देते आणि निघून जाते. संपलं.

घरी येताना काकू पुढे चालत होत्या. मी आईला विचारलं, "त्रास झाला का?"

ती म्हणाली, "ती भ्यालेली रे. बघितलंस न्हवं? तीच भ्यालेली."

"सिनेमा होता, आई."

"ते कळतंय मला," ती जरा रागाने म्हणाली. "पर आपल्या अक्काला तरी कुठं मोजाय येत व्हतं? आन् मी टोपली शिगोशीग भरली."

तिसऱ्या दिवशी तिने गाडी जुंपायला सांगितली.

ताथवड्याला अक्काच्या सासूबाई दारात निवडायला बसल्या होत्या. आईला बघून त्या उठल्या, पाणी दिलं, पण येण्याचं कारण कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. वाईट बाई नव्हत्या त्या. त्यांनी पोर जिवापाड सांभाळली होती.

"इहीणबाई," त्या म्हणाल्या, "नात तुमचीबी हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पर त्या घरात न्यायची? जिथं ती गेली तिथं?"

"व्हय."

"आन् ती आली तर?"

"आली तर येऊ द्या. पाणी दीन, बस म्हणीन. लेक हाय माझी, कुणी परकी न्हाई."

सासूबाईंनी सूप हलवलं. मग मला वाटलं त्या विषय बदलताहेत. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं तो खेळ आलाय म्हणं. आमच्या गावची दोघं-तिघं जाऊन आली. धड सांगत न्हाईत, नुसती हसत्यात. त्यातल्या बाईनं शेवटी लेकरू नेलं का वो?"

"न्हाई," आई म्हणाली. "नुसतं बघितलं. झोका दिला आन् गेली."

"नुसतं बघितलं?"

"आई होती ना ती त्याची."

सासूबाई उठून आत गेल्या. आत जावेचं आणि त्यांचं बराच वेळ हळू आवाजात चाललं होतं. आई हात मांडीवर ठेवून बसली होती, तिची बोटं मोजल्यासारखी हलत होती. मग त्या पोरीला कडेवर घेऊन बाहेर आल्या. पोर आता आठ-नऊ महिन्यांची होती, कपाळ अगदी अक्काचं. "पंधरा दिवस न्या," सासूबाई म्हणाल्या. "भात मऊ करून द्या, गाईचं दूध पाणी घालून. डाव्या कुशीवर निजती. पंधरा दिवसांनी मी सोता येऊन बघीन."

त्या आल्या, पंधरा दिवसांनीच आल्या, आणि पोरीला घेऊन गेल्या. मग आम्ही आणली, मग त्यांनी नेली. भाची अशी दोन घरांत वाढली. तरीही गावातल्या काही बायका तिन्हीसांजेला आमच्या दारावरून जायच्या नाहीत, वळसा घालून जायच्या. आईने त्यांना कधी अडवलं नाही.

पण त्या पहिल्या दिवशी गाडीत पोर अनोळखी मांडीवर जी रडायला लागली ती थांबेचना. पवना ओलांडली तरी रडत होती. मी म्हणालो, "आई, हिला मागे नेऊया का?"

आईने तिला खांद्यावर घेतलं. पाठीवर हळूहळू थोपटत ती म्हणाली, "रडू दे. घरला चाललीय, तिला अजून ठाव न्हाई."