अंबरनाथच्या वीस पायऱ्या, नीकॅपची जोडी आणि माझी प्रार्थनेची वही

रविवार, १ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. आमच्या बदलापूरच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या सभेत सेक्रेटरी पठारे यांनी माझ्या हातातून प्रार्थनेची वही काढून घेतली. वेळ नक्की सांगते, कारण मी तेव्हा घड्याळाखालीच उभी होते.

गुन्हा काय? चहा पिताना कोणीतरी नातवाच्या पुस्तकातल्या उत्क्रांतीच्या धड्यावर नाक मुरडलं. मी म्हटलं, "त्यात चूक काय? माकड आपला आजोबा नव्हे, चुलत भाऊ. दोघांचं मूळ घराणं एक."

पठारे कडाडले, "असं मानणाऱ्यांनी देवाची प्रार्थना सांगू नये! माणसाला इतकं खाली आणायचं?" आणि वही गेली. सभेच्या इतिवृत्तात त्यांनी लगेच टिपलंही: 'नास्तिक मतामुळे.'

सात वर्षं सभेच्या सुरुवातीची प्रार्थना मी सांगतेय. वही माझ्या अक्षरातली. पहिल्या पानावरची प्रार्थना मी आमच्या ह्यांच्या आजारपणात हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिली आहे. ती मी सोडणार नव्हते.

पठारे दर सोमवारी साडेअकराला अंबरनाथच्या शिवमंदिरात असतात. हे मला ठाऊक आहे, कारण दर रविवारी ते स्वतःच ऐकवतात. ठरलं. सोमवारी जायचं आणि देवाच्या दारात जाब विचारायचा.

सोबतीला समोरच्या ब्लॉकमधल्या कांबळेबाई. टेलिफोन खात्यातून निवृत्त. घरी सकाळ-संध्याकाळ बुद्धवंदना. "तुमच्या देवाशी माझं भांडण नाही आणि माकडाशीही नाही," त्या म्हणाल्या, "पण पठारेंचा चेहरा बघायला मी येणार."

बदलापूर गावातल्या भोईरांची रिक्षा अर्ध्या दिवसासाठी आठशे रुपयांत ठरवली. नऊला निघालो. रस्ता बरा आहे, खोदलेला भाग सोडला तर; आणि तो कुठे सोडता येतो? आधी अंबरनाथ ओलांडून उल्हासनगर कॅम्प चार गाठलं, कारण मला गुडघ्याचा पट्टा घ्यायचा होता आणि कांबळेबाईंना दाल-पकवान खायचं होतं. कुरकुरीत पकवान, वर चण्याची डाळ, चिंचेची चटणी, कच्चा कांदा. दोघींचं पोट ऐंशी रुपयांत भरलं. जाणार असाल तर दहाच्या आत जा. नंतर पकवान उरतं, डाळ उरत नाही.

माझे गुडघे हा माझा पुरावा आहे. चार पायांवर चालणाऱ्या जातीला दोन पायांवर उभं केलं, त्याची किंमत साठीनंतर मोजावी लागते. मंडळातला प्रत्येक सभासद खुर्चीतून उठताना उत्क्रांतीची साक्ष देतो, फक्त "आई गं" म्हणून देतो.

दुकानदार सिंधी, गल्ल्याच्या वर माशावर बसलेल्या पांढऱ्या दाढीच्या झुलेलालची तसबीर. मी एक नीकॅप मागितली.

"आंटी, जोडीच घ्या. एक घुटना बरा झाला की दुसरा रुसतो. मेरा तजुर्बा है."

मी तसबिरीकडे बोट दाखवलं. "तुमच्या देवाला मासा चालतो?"

"चालतो म्हणजे? मासाच तर घेऊन आला त्याला! नाहीतर भगवान पाण्यातून पैदल येणार काय?"

"बघा," कांबळेबाई म्हणाल्या, "आणि तुमचे पठारे शनिवारी मारुतीला तेल घालून रविवारी माकडावर रागावतात."

भोईर दुकानाच्या दारातून सगळं ऐकत होते. अंबरनाथकडे वळताना म्हणाले, "बाय, सगली त्याचीच पोरा. मानूस पन त्याचा, माकर पन त्याचा. भांडन कशाला?"

हे ऐकून मला आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आठवल्या. पहिल्या तासाला देवाने सहा दिवसांत जग निर्माण केल्याचं शिकवायच्या, चौथ्या तासाला त्याच खडूने अमीबा काढायच्या. मी विचारलं होतं, "सिस्टर, खरं कोणतं?" त्या म्हणाल्या, "तू आधी आकृती नीट काढ."

मंदिर काळ्या दगडाचं, अंगभर कोरलेलं. चपला बाहेर, आणि दुपारी फरशी चटके देते, म्हणून बारापूर्वी पोचावं. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगते: इथला गाभारा जमिनीखाली आहे. वीसेक पायऱ्या उतराव्या लागतात. मी आडवी होऊन, भिंतीला धरून उतरले. खाली गारवा, बेलाचा ओला वास, आणि पठारे. डोळे मिटून उभे. देवासमोर भांडायचं नाही एवढं वळण मला आहे. मी हात जोडले आणि वहीशिवाय, मनातल्या मनात, पहिल्या पानावरची प्रार्थना म्हटली.

एकतीस वर्षं मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइड बघितल्या. ह्यांचीही बघितली. पेशी बदलत गेल्या म्हणून माणूस घडला, आणि पेशी बदलल्या म्हणूनच माझा माणूस गेला. हे मला त्या बाकावर बसूनही कळत होतं. तरी मी प्रार्थना लिहिली. रागाने लिहिली, पण देवालाच उद्देशून लिहिली. पठारे मला नास्तिक म्हणतात!

ते वर निघाले. चौथ्या पायरीवर गुडघा अडला. मग त्यांनी दोन्ही हात पुढच्या पायरीवर टेकले आणि रांगत चढू लागले. मागे मीही तशीच, कारण माझ्याही गुडघ्यांनी तेच ठरवलं होतं. वरून कांबळेबाईंचा आवाज आला, "सावकाश या हो दोघंही! चारी पाय नीट टेका!"

पठारेंनी मागे पाहिलं. "बाई, तुम्ही? इथे?"

"दर्शनाला."

"म्हणजे तुम्ही देव मानता?"

"नाहीतर एवढ्या पायऱ्या काय गुडघ्यांच्या हौसेने उतरले?"

वर पोचून दोघंही दगडावर बसलो. माझा श्वास परतल्यावर मी म्हटलं, "पठारे, मी माणसाला खाली आणते म्हणालात. इथे देव भेटायला खालीच जावं लागतं की."

त्यांनी गुडघा चोळला. "वही उद्या घरी पाठवतो," ते म्हणाले.

"घरी नको. सगळ्यांसमोर घेतलीत, सगळ्यांसमोर द्या. आणि नास्तिक लेखी लिहिलंत, तर चूकही लेखीच."

"बघतो," पठारे म्हणाले. हा शब्द मी ओळखते. तरी नीकॅपच्या जोडीतली एक त्यांना दिली. दगडावरून उठायला त्यांना आधारही सापडत नव्हता.

परतताना पालेगावकडून आलो. भाताच्या खाचरांतून वीस मजली इमारती वर आल्या आहेत. ही उत्क्रांती पठारेंना पटते. त्यात त्यांचा फ्लॅट आहे.

सहलीतून काय उरलं? हाताच्या तळव्यांना त्या पायऱ्यांचा गारवा अजून जाणवतो. सत्तरीत मी पुन्हा रांगले, आणि मला अजिबात लाज वाटली नाही. उलट देवासमोर इतकी खरी मी बऱ्याच दिवसांत नव्हते.

पठारे हा ब्लॉग वाचतात, म्हणून इथेच कळवते. इतिवृत्तातली नोंद दुरुस्त केल्याचं लेखी उत्तर, वहीसह, रविवार, ८ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांच्या आत, सभेत, सर्वांसमोर मिळावं. मी घड्याळाखालीच उभी असेन.

नीकॅपची घाई नाही.