चोरीला गेलेली राक्षसीण

'एक राक्षसीण, लाकडी, रंग लाल, जीभ बाहेर, डावा सुळा तुटलेला.' चोरीस गेलेल्या मालाचं असं वर्णन मी सगळ्या नोकरीत एकदाच वाचलं. तो अर्ज अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

मी तेव्हा उपनिरीक्षक होतो. मोखाड्याच्या बाजूला एका दूरक्षेत्राचा, म्हणजे लहान पोलीस चौकीचा, प्रभार माझ्याकडे होता. हाताखाली दोन हवालदार आणि एक महिला शिपाई. बोहाडा चार दिवसांवर आला होता. बोहाडा म्हणजे इकडच्या डोंगरातला सोंगांचा उत्सव. देव, दैत्य, जनावरं, भुतं यांचे मुखवटे चढवून माणसं उजाडेपर्यंत गावातून नाचत फिरतात. अर्जदार गावचे पाटील. मुखवटे त्यांच्या घरामागच्या खोलीत असायचे. रंगवायला काढले, तर राक्षसीण जागेवर नव्हती.

"खोलीला कुलूप होतं?"

"देवाला कोन कुलूप लावतो, सायेब?"

"मग दुसरी करून घ्या."

पाटलांनी हात जोडले. "आज्याच्या वेळची हाय ती. ती नाय निघाली तं देवी कुनाला मारंल? बोहाडाच व्हायचा नाय."

हवालदार मान फिरवून हसला. मी मात्र नोंद घेतली आणि प्राथमिक चौकशी सुरू केली.

दुसऱ्याच दिवशी खोडाळ्याच्या बाजारातल्या आमच्या चहावाल्याने खबर दिली. ठाणे शहरात कामाला असलेली तीन पोरं गावी आली आहेत, त्यांनी गोणीत काहीतरी मुखवट्यासारखं लपवलंय. आम्ही भर दुपारी घर गाठलं. हवालदाराने गोणीत हात घातला आणि किंचाळून मागे सरकला. आत पांढऱ्या केसांचं, तोंड फाडलेलं रबरी भूत होतं. सिनेमातल्या भुतासारखं, मोबाइलवरून मागवलेलं.

तिघांना चौकीत आणलं. दरडावून विचारलं, तर एक रडायलाच लागला. "साहेब, रील बनवायला आणलं. बोहाड्यात हे पण नाचवू म्हटलं. राक्षसीण आम्ही नाय घेतली."

त्यांच्यात एक विशीतला, जरा शांत होता. बाकीचे बोलायचे थांबल्यावर तो खालच्या आवाजात म्हणाला, "सायेब, राक्षसीण माझा काका नाचवायचा. पौषात तो वारला. अवंदा मी नाचवनार होतो. पन काकाच्या घरात त्याची सून आठ दिस झाले कोनाला घेत नाय. मला पन नाय."

एवढं सांगून त्याने मान खाली घातली. आपल्याच घराकडे बोट दाखवणं त्याला जड गेलं होतं.

महिला शिपाई आणि पाटलांना घेऊन मी वरच्या पाड्यावर गेलो. सून दारात नागली, म्हणजे नाचणी, पाखडत होती. वर्दी बघताच तिने सूप खाली ठेवलं, पण उंबऱ्यातून हलली नाही.

"सायेब, जेवन होऊ द्या तिचं. मंग मला न्या."

मी वाकून आत बघितलं. भिंतीला टेकवून राक्षसीण ठेवलेली, आणि तिच्यासमोर एक म्हातारी ताटली घेऊन बसलेली. मुखवट्याच्या लाल ओठांना नागलीच्या भाकरीचे कण चिकटले होते. म्हातारी त्याला रागे भरत होती, "काढ आता ते तोंडावरचं. भाकर निवली." एक तुकडा त्याच्या तोंडाला लावायची, एक स्वतः खायची.

सून हळू आवाजात सांगू लागली. "सासरा गेला तवापासून ती जेवत नव्हती. मानसं वळखत नाय. मलाच इचारते, तू कुनाची? एकच बोलायची, तो नाचाया गेलाय, आला का जेवंन. नवरा भिवंडीला कामावर. दवाखान्यात सलाईन लावली, किती दिस पुरंल? मंग मीच त्याला घरी आनला."

पंचनाम्याचे कागद माझ्या हातातच राहिले. मी पाटलांकडे पाहिलं. ते चपला काढून आत गेले आणि म्हातारीजवळ बसले. बाहेर येऊन मला म्हणाले, "माल मिळाला लिवा. चोरी झालीच नाय. बोहाड्यापर्यंत हितंच राहू द्या." मी त्यांचा तसा जबाब घेतला आणि अर्ज निकाली काढला.

बोहाड्याला मी बंदोबस्तावर होतो. राक्षसीण पुतण्याने नाचवली. उजाडताना सून म्हातारीला हाताला धरून घेऊन आली. तिच्या पदरात भाकर होती. पुतण्या नाचत नाचत तिच्यापुढे आला आणि थांबला.

"काढ," म्हातारी म्हणाली.

त्याने मुखवटा काढला. घामाने निथळणाऱ्या त्या तरण्या चेहऱ्याकडे ती कितीतरी वेळ पाहत राहिली.

"तू तो नाय," ती म्हणाली. सुनेने तोंडाला पदर लावला. मग म्हातारीने भाकर मोडली आणि अर्धी त्याच्या हातावर ठेवली. "नाचला तं त्याच्यावानी. खा."

पाटलांनी मुखवटा वर्षभर तिच्याकडे ठेवायची तयारी दाखवली होती. गरज पडली नाही. तिने तो परत मागितला नाही. ठाण्याला परत जायचा दिवस उजाडेपर्यंत पुतण्या रोज तिच्याबरोबर जेवायला जात होता, असं पाटील सांगत. तो गेल्यावर ती सुनेबरोबर जेवू लागली. त्यानंतर दोन पावसाळे ती जगली.

आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात की गुन्ह्यामागचा उद्देश शोधा. मी तो नेहमी लोभात, रागात, सूडात शोधत आलो होतो. या प्रकरणानंतर माझी पद्धत बदलली. चौकीत आणलेल्या माणसाला मी आधी बसायला सांगायचो, पाणी द्यायचो, आणि पहिला प्रश्न विचारायचो, "घरी कोण कोण आहे?" पुष्कळ माणसं त्या एका प्रश्नावर सगळं सांगून टाकत. कारण तोपर्यंत त्यांना ते कुणी विचारलेलंच नसे.