तारेत ओवलेलं तोरण

ती घटना आठवायला बसलो की आजही आधी माणसं दिसत नाहीत, कापूस दिसतो. उन्हात तरंगणारा, कुणाच्या मिशीवर, कुणाच्या पापणीवर अलगद बसणारा. त्या धुक्यातून मग एकेक चेहरा पुढे येतो.

साठच्या आसपासची गोष्ट. मी शहाद्याला फौजदार होतो. नंदुरबार जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. आमचे वरिष्ठ धुळ्याला बसत. गावाबाहेरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, त्या वर्षी जुनं तेलाचं इंजिन काढून विजेची मोटार बसवली होती. इंजिन धूर सोडायचं, ठणठणायचं, जवळ येणाऱ्याला आपणहून दटावायचं. मोटार मात्र नव्या सुनेसारखी हळू गुणगुणायची. लोक ती बघायला बायकापोरांसह येत आणि झोप आल्यासारखे तिच्यापुढे उभे राहत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिथला एक मजूर ठाण्यात धावत आला. पायात चप्पल नाही, केसांत कापूस.

"साहेब, वायरमननी मन्हा आप्पाले मारी टाकं!"

आप्पा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. दोघेही त्याच जिनिंगमध्ये कामाला होते. मी शिपाई घेऊन निघालो. कुणीतरी मेन स्विच पाडून आप्पाला सोडवलं होतं आणि कापसाच्या ढिगाऱ्यावर निजवलं होतं. अंगावर जखम नव्हती. फक्त उजव्या तळव्यावर भाजल्याची एक आडवी रेघ होती. यंत्र सुरू झालं तेव्हा तो शेजारच्या लोखंडी कठड्याला धरून उभा होता, असं सगळे सांगत होते. कठड्याजवळच्या भिंतीवर विजेची पेटी होती आणि तिचं झाकण उघडं होतं. पेटीत झेंडूच्या दोन पाकळ्या पडल्या होत्या. आदल्या दिवशीच यंत्राची पूजा झालेली, पाकळ्या तर साऱ्या जिनिंगभर होत्या. पंचनाम्यात मी त्या लिहिल्या आणि विसरलो.

वायरमन नाशिककडचा. घुम्या माणूस, कुणाच्यात चहाला बसायचा नाही. दोन दिवसांपूर्वी त्याने आप्पाला मानगुटीला धरून पेटीपासून ओढलं होतं आणि सर्वांदेखत म्हणाला होता, "परत इथे हात घातलास तर मरशील!" पूजेच्या आधीच तो गावी गेला होता. पेटी मुद्दाम उघडी ठेवून गेला, असं लोकांनी ठरवूनही टाकलं. तिसऱ्या प्रहरी तो एसटीतून उतरला आणि स्टँडवरच लोकांनी त्याला धरला. आम्ही वेळेवर पोचलो नसतो तर मला दुसरा पंचनामा करावा लागला असता.

कोठडीत मी त्याला परोपरीने विचारलं. दमात घेतलं, गोंजारलं. त्याचं एकच पालुपद.

"झाकण मी लावून गेलो होतो. आणि साहेब, मेन स्विच बंद केल्याशिवाय तिथे कुणाला हात लावू देऊ नका. तुमचा शिपाई तिथे राखणीला आहे ना, त्यालाही सांगा."

माझ्या नोकरीत मी एक पाहिलं आहे. गुन्हा केलेला माणूस कोठडीत फक्त स्वतःविषयी बोलतो. हा माझ्या शिपायाची काळजी करत होता. पण कोर्टात असली निरीक्षणं चालत नाहीत. बाहेर जमाव ओरडत होता, धुळ्याहून विचारणा होत होती, आणि खुनाच्या कलमाखाली हा माणूस फासापर्यंत जाऊ शकत होता.

धाकट्या भावाचा पुरवणी जबाब घ्यायला मी त्याच्या घरी गेलो. ऑक्टोबरची दुपार, सगळं गाव पेंगत होतं. मयताचं घर, म्हणून दारावरचं तोरण काढलेलं होतं. गोठ्याच्या दारावरचं तेवढं राहून गेलं होतं. वाऱ्याने ते हळूहळू झुलत होतं आणि मी खाटेवर बसून नुसता बघत होतो. झेंडू सुकून आकसला होता. दोन फुलांच्या मधे काहीतरी चमकलं.

मी उठून जवळ गेलो. फुलं तांब्याच्या तारेत ओवलेली होती.

"हे कोणी ओवलं?"

"मीच," धाकटा म्हणाला. "मिलना भंगारमा तार पडेल व्हता. दोरा तुटी जास, तार तुटत नही."

"यंत्रालाही असंच बांधलं होतंस?"

"हा. पेटीवरथून कठडापर्यंत. पहिले इंजिनले बी बांधूत ना. पेटी उघाडी, तिना पोटमा कुंकू लावं, देव झाकी कसा ठेवाना? आप्पा गया तधळ मीच काढी टाकं ते तोरण. मयतनी जागावर तोरण ठेवत नहीत."

आता सगळं जुळलं. यंत्र हादरलं, तारेचं टोक घसरून उघड्या पेटीत पडलं आणि वीज फुलांमधून कठड्यात उतरली. धाकट्याला अजून काही उमगलं नव्हतं. त्याच्या आईला उमगलं होतं. चुलीपाशी बसलेली ती म्हातारी उठली आणि मला अंगणाच्या कडेला घेऊन गेली.

"साहेब, एक पोऱ्या गया. याले सांगशात ते हाऊ बी जाई."

मला तिच्याकडे बघवेना. पण तिकडे एक निरपराध माणूस गजांआड बसला होता. मी मागे वळलो आणि धाकट्याला समोर बसवून सांगितलं. त्याने उठून गोठ्यावरचं तोरण काढलं, माझ्या हातात मुद्देमाल म्हणून दिलं आणि माझ्या पुढे ठाण्याकडे चालू लागला.

विद्युत निरीक्षकांनी येऊन पेटी तपासली. आतल्या खटक्यावर तांब्याचा ताजा ओरखडा होता. प्रकरण आकस्मिक मृत्यू म्हणून निकालात निघालं.

तेव्हापासून मी हाताखालच्या पोरांना सांगत आलो. माणूस मरायला दरवेळी वैरी लागत नाही. मायेने बांधलेली गाठही जीव घेते, आणि रागावून ओढणारा हात कधीकधी वाचवणारा असतो. विजेला तर भक्ती कळत नाही. आधी मेन बंद, मग हळदकुंकू.

वायरमनला सोडला त्या सकाळी म्हातारी ठाण्याच्या पायरीवर बसली होती. धाकट्याला हाताला धरून घेऊन आली होती. वायरमन बाहेर आला, दोघांना पाहून थबकला. मला वाटलं, आता हा तोंडाला येईल ते बोलणार. म्हातारीने मुलाचा हात उचलून त्याच्या हातात दिला.

"भाऊ," ती म्हणाली, "हाऊ एकच ऱ्हायना. याले शिकाड."

तो हात त्याने बराच वेळ सोडला नाही.