निंगव्वानं मेंढा अडवला

होटगीच्या माळावर निंगव्वाच्या चाळीस मेंढ्या. एकेक मेंढी ती तोंडावरून ओळखायची. कुणाची आई कोण, कुठली कोणत्या मेंढ्यापासून गाभण, सगळं तिच्या डोक्यात पक्कं.

गेल्या साली दिवाळीनंतर त्यातल्या अकरा गाभडल्या, दिवस भरायच्या आतच कोकरं पडली. आणखी चार कोकरं जिवंत जन्मली, पण उभी राहीनात. आचळ तोंडात दिलं तरी ओढायची ताकद नाही.

"नजर लागलीया," दीर मायाप्पा म्हणाला. "देवाला एक कापू, सुटंल."

"आधी हे ऐक," निंगव्वा म्हणाली. "गाभडल्या त्या समद्या तुझ्या मेंढ्यापासनं गाभण ऱ्हायलेल्या. आमच्या म्हाताऱ्या मेंढ्याची एकबी न्हाय."

मायाप्पानं जतच्या बाजारातून हलगी लावून आणलेला तो माडग्याळ जातीचा मेंढा म्हणजे वस्तीचा मान. नवरा धुळाप्पा कुजबुजला, "गप की. भावकी हाय."

ती कसली गप्प बसते! पुढची मेंढी गाभडली तसं तिनं पडलेलं कोकरू आणि वार दुहेरी पिशवीत बांधली अन् सोलापुरात जनावरांच्या डॉक्टर श्रीदेवीबाईंपुढं नेऊन ठेवली. बाई आधी तिच्यावरच ओरडल्या, "उघड्या हातानं उचललंत? हा रोग माणसालाही लागतो!" तपासणीत गाभ पाडणारा जंतू सापडला. तो मेंढ्यातूनच आला का, हे कळायला आता त्याचं रक्त बघायला हवं होतं. मायाप्पानं साफ नकार दिला. उलट सकाळी सकाळी मेंढा विकायला टेम्पोच आणला.

निंगव्वा टेम्पोपुढं जाऊन उभी राहिली.

"वहिनी, बाजूला व्हा," मायाप्पा म्हणाला.

"न्हाय व्हत. दुसऱ्याच्या कळपात रोग इकतूस व्हय? घाल चाक अंगावरनं!"

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. वस्तीतल्या बायका एकेक करून तिच्या शेजारी येऊन थांबल्या. दुपारी श्रीदेवीबाई आल्या, त्यांनी रक्त काढलं.

मेंढ्यात तोच रोग निघाला. पण निंगव्वाच्याही गाभडलेल्या बारा मेंढ्यांत निघाला. मेंढ्याबरोबर त्याही कायमच्या कळपाबाहेर काढाव्या लागल्या. त्यातली एक तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. निंगव्वानं स्वतःच तिचा दोर सोडला. मायाप्पा बघत होता. तिनं मान खाली घातली नाही.

यंदा तिच्याकडं सव्वीस कोकरं जन्मली. एकच अशक्त निघालं, तेही आठवड्यात उड्या मारायला लागलं. मायाप्पा अजून तिच्याशी बोलत नाही. परवा मात्र त्याची बायको बांधावर थांबून विचारत होती, "अक्का, त्या डॉक्टरीणबाई कुटं बसत्यात?"

"चल," निंगव्वा म्हणाली, "मीच येते संगं."