खाडीकाठच्या तीस मुलांची चाचणी

नूतन कदम मूळची रोह्याजवळच्या खांब गावची. घरी भाताची आणि वालाची शेती. शिक्षिका झाल्यावर तिला पहिली नेमणूक मिळाली ती पेण तालुक्यात, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, म्हणजे खारपाटातल्या शाळेत. तिथल्या बहुतेक मुलांचे आईबाप मिठागरावर कामाला. ‘खारपाटातली पोरं जरा मंदच,’ हे तिने माहेरी कितीदा तरी ऐकलं होतं, आणि शाळेत गेल्यावर तिला ते दिसूही लागलं.

अकरा वर्षांपूर्वी एम.एड.च्या प्रबंधाला तिने हाच विषय घेतला: दोन भागांतल्या मुलांच्या बुद्धीत किती फरक असतो. आपल्या शाळेतली तीस मुलं आणि रोह्याजवळच्या एका शाळेतली तीस. प्रश्न तिनेच काढले. ‘भरपूर पाऊस पडला की काय होतं?’ असा एक प्रश्न होता. उत्तर ठरलेलं, पीक चांगलं येतं. किमया म्हात्रे नावाच्या चौथीतल्या मुलीने लिहिलं, ‘मीठ विरघळतं. बाबांचं काम बंद होतं.’

नूतनने ते दोनदा वाचलं. उत्तर बरोबर आहे, हे तिला तेव्हाच कळलं होतं. पण अशी उत्तरं धरायची तर गुण वाढणार, फरक उरणार नाही, आणि फरकच नसेल तर प्रबंधात लिहिणार काय? तिने शून्य दिलं. बाकीच्या पेपरांतही अशी बरीच शून्यं पडली.

प्रबंध मंजूर झाला. मुख्याध्यापकांनी तो कौतुकाने वाचला आणि त्याच्या आधाराने शिष्यवृत्तीच्या जादा वर्गातून काही नावं वगळली. त्यात किमया होती. नूतन समोरच्या खुर्चीत बसली होती. ती काही बोलली नाही. पुढे तिची बदली रोह्याला झाली.

गेल्या वर्षी कपाट आवरताना ते पेपर सापडले. ठरलेल्या उत्तरांची यादी बाजूला ठेवून, मुलांनी काय विचार करून लिहिलं असेल ते बघत, तिने आठवडाभर सगळे पुन्हा तपासले. एकाच बाकावरच्या दोन मुलांत जेवढा फरक होता, तेवढाही दोन गावांत निघाला नाही. तिने कॉलेजला पत्र पाठवलं. मंजूर प्रबंधात आता बदल होत नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं.

मग एका रविवारी ती किमयाच्या घरी गेली. किमया दहावीनंतर शाळा सोडून एका कंपनीत पॅकिंगला लागली होती. नूतनने पेपर तिच्या हातात दिला आणि शून्य कसं दिलं, का दिलं, सगळं सांगितलं.

किमयाने आपलंच अक्षर बराच वेळ पाहिलं. “हे तर बरोबर हाय,” ती म्हणाली. “मला वाटायचं, माझं डोकंच कमी चालतं. दहावीला गणितात साठ पडले, तवा पण वाटलं, कुणाचं तरी बघून लिवलं असंल मी. मीच माझ्यावर संशय घेतला.”

तिची आई बायजाबाई दारात बसून ऐकत होती. तिने शांतपणे विचारलं, “बाई, तवाच कळलं व्हतं ना तुमाला? मग तवाच का नाय सांगितलं?”

बाहेरून बारावीच्या परीक्षेला बसता येतं, फॉर्म मी भरते, एवढंच नूतन म्हणाली. किमयाने मान हलवली. शिफ्ट सोडून अभ्यास आता जमायचा नाही, आणि बाईंना बरं वाटावं म्हणून तर मुळीच बसायचं नाही, असं तिने सांगितलं. मग तिने विचारलं, “बाकीच्या एकोणतीस जणांना सांगितलंत?”

नूतनने नाही म्हटलं. किमयाने फोन काढला आणि ज्यांचे होते त्यांचे नंबर लिहून दिले.

तेव्हापासून नूतन सुट्टीच्या दिवशी एकेकाचं घर गाठते. आतापर्यंत अकरा झाली. दोघी रडल्या. एकाने चहा दिला आणि विषयच बदलला. अकरावा जितेश. तो अंगणात जाळं विणत होता. तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, पेपर घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, “बरं, बाई. आता मला काम हाय.” नूतन उठली आणि बाराव्या घराचा रस्ता कुठून जातो ते त्यालाच विचारून निघाली.