साहेबांनी मागितलेले आठ दिवस

पौडच्या आमच्या बँकेत माणसं सहा आणि युनियनचा प्रतिनिधी मी. निवडून वगैरे आलो नव्हतो. बाकीच्यांना मीटिंगसाठी पुण्याला जायचा कंटाळा होता आणि मला फुकटची मिसळ आवडायची.

तेव्हाचे मॅनेजर साहेब सोलापूरकडचे. दर सोमवारी ते आम्हाला खुर्च्या बदलायला लावायचे. पासबुकवाल्याने ड्राफ्टवर बसायचं, ड्राफ्टवाल्याने कर्जाच्या टेबलावर. आम्ही कुरकुरायचो. पण आमच्यातलं कुणी तापाने पडलं तरी मुठा खोऱ्यातून आलेला माणूस साहेबांच्या काळात रिकाम्या हाताने परत गेला नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा शाखेत खात्यांच्या नोंदी करणारं मशीन आलं. कॉम्प्युटरचा धाकटा भाऊ म्हणा. दोघांचं काम एकटं करतं म्हणे, म्हणून युनियनने पत्रक काढलं: हात लावायचा नाही. ते मी शाखेत उभं राहून वाचलं. आवाज असा लावला, जणू मीच लिहिलंय.

खंडेनवमीला मशीनला झेंडूचा हार मात्र घातला. पूजेला बंदी नव्हती.

साहेब एकटेच शिकू लागले. सकाळी लवकर येऊन, मांडीवर पुस्तक घेऊन, दोन बोटांनी टक... टक. बाहेर चहा पिताना आमचा शिपाई म्हणायचा, "सायेब बाजाची पेटी शिकत्यात व्हय?" सगळ्यात मोठ्याने मी हसायचो. मधली भिंत पातळ होती.

मग वरून पत्र आलं. मशीन चालवणारा माणूस शाखेत नाही, सबब ते दुसरीकडे जाईल. साहेबांचीही बदली. त्यांनी मला आत बोलावलं.

"आठ दिवस आहेत. रोज तासभर माझ्याशेजारी बसा. तुम्ही बसलात की बाकीचे बसतील. मी जाईन, पण हे इथं राहू दे. नाहीतर पुढं या शाखेला कोण विचारणार?"

"पुण्याला विचारून सांगतो, साहेब."

"तुम्हाला काय वाटतं?"

हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मी पुन्हा म्हणालो, "विचारून सांगतो."

पुण्याहून निरोप आला, पुढच्या मीटिंगला बघू. नवव्या दिवशी टेम्पो आला. मशीन चढवायला मात्र आम्हा सगळ्यांचे हात लागले. साहेब खाली उभे राहून "सावकाश, सावकाश" म्हणत होते.

नव्या साहेबांनी खुर्च्यांची फेरी बंद केली. आम्ही फक्त पेढे वाटायचे बाकी ठेवले. ज्याचं टेबल त्याचं राज्य!

पुढच्या वर्षी मुठा खोऱ्यातल्या एक मावशी आल्या. शिकायला गेलेल्या मुलाच्या फीसाठी ड्राफ्ट हवा होता. ड्राफ्टवाला रजेवर, त्याच्या खणाची किल्ली त्याच्या खिशात.

"परवा या, मावशी."

"आवो, मागल्या साली तुमीच दिला व्हता की!"

"आता ते माझं टेबल नाही."

"मंग तुमी हितं कशाला बसलाय?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कळत नव्हतं. मग त्या पायऱ्या उतरून गेल्या.

पुढच्या महिन्यात त्यांनी खातं पिरंगुटला हलवलं. खातं बंद करायचा फॉर्म मीच भरून दिला. तेवढं माझ्या टेबलावर होतं.