चपळता पाच

आमच्या आईला धावायचं होतं, गोष्ट एवढीच आहे. फासे, भुयारं, जादू हे सगळं त्याच्या भोवतीचं.

माझा धाकटा भाऊ चाळिशीला टेकला तरी दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर राक्षस मारतो. टेबलावर तसं काहीच नसतं. तो गोष्ट सांगतो, "तुमच्यासमोर खोल दरी आहे, काय करता?" मग आम्ही आपापल्या पात्राच्या वतीने ठरवतो आणि ते जमलं की नाही हे फासे सांगतात. खेळणारे आम्ही तिघं: मी, भावाच्या ऑफिसातला दादरचा एक मित्र, आणि गेल्या वर्षापासून आई. त्याआधी ती फक्त पोह्यांच्या बशा आणून ठेवायची आणि "आज कोण मेलं?" असं विचारून आत जायची. एका रविवारी बशा ठेवल्या आणि खुर्ची ओढून बसलीच. "माका पण घेवा," म्हणाली.

या खेळात पात्र बनवायच्या बऱ्याच पद्धती आहेत. एका पद्धतीत ठरावीक गुण हातात मिळतात. ते ताकद, चपळता, बुद्धी वगैरे सहा रकान्यांत आपल्या मनासारखे वाटायचे. दुसरीत चार फासे टाकून सगळ्यात लहान आकडा सोडून देतात. आमचे बंधुराज पडले जुन्या वळणाचे. तीन फासे, सहा वेळा, आणि ज्या रकान्यात जी बेरीज येईल ती तिथेच राहणार. "मजा त्यातच आहे," असं तो म्हणतो. माझा योद्धा पहिल्या दिवसापासून तलवार उचलताना धापा टाकतोय, त्यामुळे मला ती मजा अजून सापडायची आहे.

आईने फासे हातात घेण्याआधीच सांगून टाकलं होतं, "मला पळणारी बाई पाहिजे." लग्नाआधी ती खो-खो खेळायची, आधी शाळेत आणि मग आमच्याच भागातल्या मंडळाकडून. जुने लोक अजून सांगतात की हिला बाद करताना समोरच्या पोरी रडकुंडीला यायच्या. लग्नानंतर कोणी बंदी घातली नाही, पण "खेळणार का?" असं कोणी विचारलंही नाही. आता दोन्ही गुडघे बदला म्हणून डॉक्टर मागे लागलेत.

ताकद बेताची आली. मग चपळतेसाठी तिने फासे हातात खूप वेळ घोळवले आणि टाकले. एक, एक आणि तीन. पुढच्याच वेळी बुद्धीला सतरा पडले. भाऊ स्वतःच कळवळला.

"आई, अदलाबदल करूया ना. सतरा तिकडे, पाच इकडे. घरातलाच खेळ आहे."

मीही म्हटलं, "कर ना गं." मित्र म्हणाला, "काकू, आमची काही हरकत नाही."

आईने फासे भावाकडे सरकवले. "पडला ता पडला. माका बदलून नको."

हा हट्ट आम्हाला नवा नव्हता. करी रोडला आमची चाळ होती तेव्हा चिठ्ठ्या काढायचं काम आईचं. भिशी असो, गणपतीतल्या कामांच्या पाळ्या असोत, डबा कोणाचाही, हात आईचाच. ती डोळे घट्ट मिटून काढते यावर अख्ख्या चाळीचा विश्वास. चाळ पाडून टॉवर उभा राहिला तेव्हा कुठलं घर कोणाला हेही चिठ्ठ्यांनीच ठरलं आणि त्याही तिनेच काढल्या. आम्हाला मागच्या बाजूचं आलं. खिडकी उघडली की समोरच्या टॉवरचं पार्किंग, एकावर एक मजले नुसत्या गाड्या. चाळीतल्या आमच्या शेजारणीला त्याच मजल्यावर पुढच्या बाजूचं घर लागलं. तिच्या खिडकीतून मैदान दिसतं, आई खेळायची तेच. शेजारीण आपणहून आली होती. "वहिनी, बदलून घेऊया. मला ती धूळ आणि गोंगाट नको, तुम्हाला तुमचं मैदान." बिल्डरच्या माणसालाही फरक पडत नव्हता. पण आई म्हणाली, चिठ्ठ्या मी काढल्या, आता मीच बदलून घेतलं तर लोक काय म्हणतील? त्या लोकांतले निम्मे पुढे घर भाड्याने देऊन विरारला आणि बदलापूरला राहायला गेले. काही म्हणायला आता ते इथे नाहीत, पार्किंग मात्र आहे. मला या गोष्टीचा अजूनही राग येतो.

तर आईची बाई झाली जादूगारीण. डोक्याने तल्लख, पायाने अधू. कोडी सोडवायची, मंत्र म्हणायची, आणि पळायची वेळ आली की माझा धापा टाकणारा योद्धा तिला पाठुंगळी घ्यायचा. आई हसायची. आम्हाला वाटलं, रमली.

तिच्या वाढदिवसाच्या रविवारी भावाने खास कोडं रचलं. आठवडाभर त्यावर खपत होता. भुयाराच्या टोकाला एक दालन. दोन टोकांना दोन खांब, मधे एका रांगेत आठ दगडी बायका उकिडव्या बसलेल्या, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. नववी खांबाजवळ उभी.

"खो-खो!" आम्ही तिघंही एकदम ओरडलो. भावाच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा होता. मग त्याने पुढचं सांगितलं. वाळूचं घड्याळ संपेपर्यंत एकाने त्या बायकांच्या हाती न लागता धावायचं, तरच दार उघडणार.

"मी जाते," आई म्हणाली. आणि बसल्या जागी तिने पदर कमरेला खोचला.

भावाचा चेहरा खर्रकन उतरला. त्याच्या डोक्यात होतं की आई युक्त्या सांगेल, मित्राचं पात्र, एक चपळ चोर, धावेल आणि आई खूश होईल. धावायला ती स्वतः उठेल हे त्याला सुचलंच नव्हतं. "आई, दर हुलकावणीला वीस बाजूंचा फासा टाकायचा," तो हळू आवाजात म्हणाला. "आकडा तुझ्या चपळतेच्या आत पडला पाहिजे. म्हणजे पाच किंवा कमी." मग घाईघाईने, "राहू दे ते. आज वाढदिवस आहे, नियम बाजूला ठेवू."

आई फाशाकडे बघत राहिली. "असां नको," म्हणाली. "मी सापडले तर तुम्ही पण आत अडकाल." आणि तो फासा तिने मित्राच्या हातात दिला.

तो टाकत गेला, आई सांगत गेली. "खांबाजवळ रेंगाळू नको रे, तिथेच सापडतात. तिच्या पायाकडे नको, खांद्याकडे बघ. आता आत शीर, आत!" चोर वाचला. दार उघडलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. "काकू, जिंकवलंत तुम्ही," मित्र म्हणाला. आईने पदर सोडला आणि चहा टाकायला आत गेली.

संध्याकाळी ती कढीपत्ता मागायला शेजारणीकडे गेली. रोजच जाते. आमच्या फ्रीजमध्ये कढीपत्त्याची जुडी असते हे शेजारणीलाही ठाऊक आहे. तिने खिडकीशी एक खुर्ची कायमची ठेवली आहे. केक कापायला आईला बोलवायला मी गेले तेव्हा ती त्या खुर्चीत होती. खाली मैदानात मुलींचा सराव चालला होता.

"दोन्ही वेळा बदलून देत होते गो," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "घेवक व्हया होता."

"घ्यायला हवं होतं तर आता घे ना," मी म्हटलं. "आई, नवीन बाई बनव. गुण वाटायच्या पद्धतीने. सगळे चपळतेत टाक, तो आता नाही म्हणणार नाही."

"आता?" ती म्हणाली. "आणि हिला कुठे टाकू? एवढे महिने हळूहळू चालवत आणलीय."

खाली कोणीतरी जोरात खो दिला. आई खुर्चीतून अर्धी उठली, आणि मग गुडघा धरून परत बसली.